वादळ बघायला जायचंय यांना!

अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली, की कोळी होड्या वर ओढायला लागतात आणि आमच्या बडोद्यातले लोक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवायला लागतात. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून एकच चर्चा. वलसाडजवळचा तिथलचा किनारा की सुरतचा डुमस? लाटा कुठे जास्त उंच दिसतील? दुकानं उघडी असतील ना? एका काकांनी तर लिहिलं, "पाऊस असला तर अजून मजा." काका, तुम्ही रिटायर्ड आहात, नातवंडांना घेऊन जाणार आहात, कसली मजा?

आणि सगळ्यांचं ठरलेलं उत्तर: "अगं, ते कच्छला धडकणार आहे, वलसाडला काय होतंय!" हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. बिपरजॉय वादळ कच्छमधल्या जखाऊजवळ जमिनीवर आलं १५ जून २०२३ ला. त्याच्या कितीतरी दिवस आधीच, वादळ भर समुद्रात शेकडो किलोमीटर लांब असताना, तिथलला लाटा उसळत होत्या आणि किनारा पर्यटकांसाठी बंद करावा लागला होता. १२ जूनला जुहूला चार मुलं बुडाली, तेव्हाही वादळ किनाऱ्यापासून तीन दिवस लांब होतं. वारा तिकडे घोंघावतो, पण त्यानं उठवलेल्या लाटा इथपर्यंत चालत येतात. वर ऊन पडलेलं असतं, आभाळ निळं असतं, आणि खाली पाणी पायाखालची वाळू ओढून नेत असतं. हवामान खात्याचा नकाशा फॉरवर्ड करता ना तुम्ही? मग त्याखाली समुद्र खवळलेला राहील असं लिहिलेलं असतं, तेही वाचत जा की जरा!

मागे एकदा अशाच दिवसांत दक्षिण गुजरातच्या एका किनाऱ्यावर अडकले होते, नात्यातलं लग्न होतं म्हणून. बंदोबस्त काय, तर दोन बांबू, त्यांना बांधलेली एक नायलॉनची दोरी आणि एक होमगार्ड. त्या बिचाऱ्याच्या हातात शिट्टी, अंगावर फाटका रेनकोट. तो डावीकडे शिट्टी मारत धावला की उजवीकडून लोक दोरी वर करून आत. एका गृहस्थांनी तर मुलाला खांद्यावर बसवलं, बायकोच्या हातात मोबाइल दिला आणि वर होमगार्डलाच ऐकवलं, "कशुं नहीं थाय, भाई." म्हणजे काही होत नाही! एवढ्या मोठ्या किनाऱ्याला एक माणूस पुरतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्यावरही माझा राग आहेच. पण दोरी काही सरकार उचलत नाही, आपण उचलतो.

शिवाय आपल्याकडचा समुद्र म्हणजे काय गोव्याचा आहे का? खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक भावनगरकडे दहा मीटरच्या आसपास जातो. याच आखाताकाठी कावी-कंबोईला दर्शनाला जाऊन आलेल्यांना तरी हे सांगायला नको. स्तंभेश्वर महादेवाची पिंड भरतीत पूर्ण पाण्याखाली जाते, तीही रोज, वादळबिदळ काही नसताना. त्यात वादळानं ढकललेलं पाणी भरतीच्या वेळेला येऊन मिळालं तर काय होईल? ओहोटीला चिखलात गाडी घालून रील काढणाऱ्यांना हा हिशोब गाडी रुतल्यावर कळतो. मग ट्रॅक्टर कोण आणणार? तेच गाववाले, ज्यांना त्या दिवशी स्वतःच्या घरावरचे पत्रे बांधायचे असतात.

किनाऱ्यावरच्या माणसाला त्या दिवसांत मान वर करायला फुरसत नसते हो. होडी ओढायची, इंजिन उतरवायचं, जाळी उचलायची, म्हाताऱ्यांना शाळेत नेऊन ठेवायचं, गुरं सोडायची, कंदिलाचं बघायचं. बंदरावर धोक्याच्या इशाऱ्याच्या बावट्याचा नंबर चढत जातो. तीन नंबर म्हणजे सावध व्हा, दहा म्हणजे महाभयंकर, आणि अकरा म्हणजे इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला. बिपरजॉयच्या वेळी लाखाच्या वर माणसं हलवली होती गुजरातमध्ये. एवढ्या धावपळीत पोलिसांनी काय करायचं, तर बडोद्याहून लिलो चेवडो घेऊन आलेल्या मंडळींना हाकलत बसायचं.

२०२४ चा ऑगस्ट विसरलात वाटतं! आपली बडोद्याची विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, तळमजल्यावरचे सोफे तरंगले, मगरी रस्त्यावर आल्या. तेव्हा पाणी बघायला पुलावर जमलेल्या बघ्यांना आपल्याच ग्रुपवर काय काय शिव्या घातल्या होत्या! दुधाची गाडी त्या गर्दीत अडकली म्हणून पहिल्या मजल्यावरच्या वहिनी रडकुंडीला आल्या होत्या. आज त्याच वहिनी विचारताहेत, लाटांसाठी संध्याकाळची वेळ बरी की सकाळची.

मी ट्रॅव्हलरवाल्याला फोन करून रविवारची गाडी रद्द केलीय. ॲडव्हान्स बुडाला तर माझ्या नावावर लिहा. आणि रागावायचं असेल तर खुशाल रागवा, मी काही ग्रुप सोडणार नाहीये.