तक्त्यात नसलेला रकाना

गेले आठ दिवस आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एकच वाद चालू आहे. भाच्याने गोवा विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये प्रवेश घ्यायचे ठरवले, त्यावर डिचोलीच्या माझ्या चुलतभावाने लिहिले, "ध्येय, मूल्ये हे माहितीपत्रकात छापायला ठीक आहे, पॅकेज किती मिळते तेवढे सांगा." त्याखाली अकरा अंगठे उमटले. लिस्बनमध्ये मध्यरात्री ते वाचून मला आलेला राग अजून उतरलेला नाही.

मी रोज लिस्बनच्या काइश दु सुद्रे स्थानकाहून कश्काइशची गाडी पकडतो. वाटेत कार्काव्हेलुशला नोव्हा विद्यापीठाचे बिझनेस स्कूल आहे. २०१८ साली ते समुद्राकाठच्या नव्या वास्तूत आले. तेथे उतरणारी मुले पाहून मी गटावर ऐटीत लिहिले, की इकडे समाजाचे काय भले करणार हे आधी विचारतात. ती वास्तू देणग्यांतून उभी राहिली आणि तिच्या दालनांना देणगीदारांची नावे आहेत, हे मात्र लिहिण्याचे टाळले.

वास्तविक यासाठी लिस्बनचा दाखला देण्याची गरजच नव्हती. आपल्या गोव्यातील गावकारीत, म्हणजे पोर्तुगीज ज्याला कोमुनिदाद म्हणत त्या व्यवस्थेत, जमीन गावाची सामाईक असे. शेते लिलावाने खंडाने दिली जात, त्या उत्पन्नातून बांध आणि मानशी, म्हणजे बांधातली पाणी अडवणारी-सोडणारी दारे, यांची डागडुजी होई आणि खर्च भागून उरलेले पैसे गावकारांना, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतील पुरुषांना, झोण म्हणून वाटले जात. १५२६ च्या फोरालात, म्हणजे पोर्तुगीजांच्या सनदेत, हे रिवाज लिहून काढले गेले, तेव्हाही ते जुनेच होते. त्यात बायकांना आणि बाहेरून आलेल्यांना वाटा नव्हता, हा दोष मोठाच. पण आधी बांध आणि मग झोण हा क्रम व्यवस्थापनाच्या पहिल्याच तासाला शिकवण्याजोगा आहे. ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, वाणिज्य, अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन एकत्र शिकणाऱ्या मुलांना तो कळला, तर पॅकेजच्या आकड्याकडे ती निराळ्या नजरेने पाहतील.

मला तो कोणी शिकवला नाही, आणि मीही विचारला नाही. एमबीए होऊन मी एका वित्तसंस्थेत लागलो, तेव्हा खाणपट्ट्यातील ट्रकांची कर्जे माझ्याकडे होती. दिवसाच्या फेऱ्या गुणिले दर, वजा डिझेल, वजा ड्रायव्हरचा पगार. उरेल त्यात हप्ता बसला की सही. खनिज थांबले तर काय, असा रकाना त्या तक्त्यात नव्हता. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. दोन पावसाळ्यांनंतर मी डिचोलीला गेलो, तेव्हा चुलतभावाच्या अंगणात उभ्या ट्रकच्या चाकांभोवती गुडघाभर गवत माजले होते आणि हौद्यात पाणी साचले होते. ते कर्ज मीच मंजूर केलेले. त्याने मला चहा दिला, ट्रकचा विषय काढला नाही. पुढच्या वर्षी वडिलांच्या १९६१ पूर्वीच्या, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतील, जन्मनोंदीवर पोर्तुगीज पासपोर्ट काढून मी निघून आलो. बांध फुटल्यावर आपला झोण घेऊन गाव सोडणारा मीच, आणि मूल्यांवर प्रवचनही मीच देतो आहे. पॅकेज विचारण्याचा हक्क त्या अकरा अंगठ्यांना नसेलही; चुलतभावाला आहे.

भाच्याला मी तो जुना तक्ता आठवून पुन्हा करून पाठवला, शेवटी एक रिकामा रकाना घातला आणि तो भरायला सांगितले. त्याचे उत्तर लगेच आले, "मामा, हे मुलाखतीत विचारतात?"