आस्वानचं धरण आणि आमच्या आजोळची चौकट

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही इजिप्तला जाऊन आलो, आणि तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर जे पेटलंय ते अजून विझायचं नाव घेत नाहीये. निमित्त माझंच. आस्वानजवळच्या फिलीच्या देवळाचा एक फोटो टाकला आणि खाली लिहिलं की हे आख्खं देऊळ सोडवून दुसऱ्या बेटावर आणून ठेवलंय. पाच मिनिटात काकांचा मेसेज, "बघा, याला म्हणतात जपणूक! नाहीतर आपण. पळसदेवचं देऊळ उजनीत बुडवून मोकळे." त्यावर चुलतभाऊ उसळला, "मग काय धरण नको होतं का काका? तुमचा ऊस काय हवेवर येतो?" मग कोणीतरी शक्तिपीठ महामार्ग काढला, कोणीतरी कोणाला विकासविरोधी म्हटलं, एक आत्या ग्रुप सोडून गेली, तिला परत ॲड केलं. नेहमीचंच.

मी नेदरलँड्समधल्या लायडनला राहते, नऊ वर्षं झाली. इथून बोललं की "तुला तिकडे बसून काय जातंय" हे ठरलेलं असतं आणि ते अगदीच खोटंही नाही. पण तो दिवस आस्वानला प्रत्यक्ष फिरले असल्यामुळे सांगते, काका पण अर्धेच बरोबर आहेत आणि भाऊ पण.

सकाळी सातला व्हॅन आली. आम्ही भारतीय आहोत म्हटल्यावर ड्रायव्हरनं "अमिताभ बच्चन!" करून हात जोडले. गाईड पन्नाशीचा, इजिप्तच्या इतिहासात डिग्री घेतलेला, दर वाक्याला "हबीबी" आणि कोणी रेंगाळलं की "यल्ला यल्ला". पहिला थांबा म्हणजे ग्रॅनाइटच्या खाणीतला अर्धवट ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडातून काढलेला टोकदार चौकोनी खांब. साधारण ४२ मीटर लांबीचा एकच दगड, अकराशे टनांच्या आसपास वजन, तीन बाजूंनी मोकळा केलेला आणि मग भेग गेली म्हणून तिथेच आडवा सोडून दिलेला. हॅटशेपसूट राणीच्या काळातला समजतात, म्हणजे जवळजवळ साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. लोखंड नाही, काही नाही, डोलेराइटचे, म्हणजे एका कठीण काळ्या दगडाचे गोटे हातात धरून ग्रॅनाइट ठेचत बसायचं. तिथे ठेवलेला एक गोटा मी उचलून दोनदा आपटून बघितला, मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या आणि दगडावर साधा ओरखडासुद्धा नाही. भेग पडली त्या दिवशी मुकादमानं वरती काय आणि कसं कळवलं असेल, हा माझ्या नवऱ्याचा प्रश्न. तो प्रोजेक्ट मॅनेजर आहे.

मग हाय डॅम. खरं सांगायचं तर बघायला काहीच नाही. धरण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कोयनेसारखी उभी भिंत आणि दरवाज्यातून फेसाळत पडणारं पाणी येतं, इथे एक रुंद सरळ रस्ता, एका बाजूला सरोवर, दुसऱ्या बाजूला विजेचे खांब. उंची १११ मीटर म्हणजे कोयनेपेक्षा जेमतेम आठ मीटर जास्त, पण हे दगड, वाळू आणि मधे चिकणमाती असं रचलेलं आहे त्यामुळे पायाशी ९८० मीटर जाड. लांबी पावणेचार किलोमीटरच्या वर. गाईड म्हणाला मोठ्या पिरॅमिडच्या सतरापट माल आहे यात, आणि हे तो पिरॅमिडपेक्षाही जास्त अभिमानाने बोलत होता. १९५६ ला अमेरिकेनं आणि ब्रिटननं पैसे देतो म्हणून हात वर केले, इजिप्तच्या अध्यक्षानं, नासरनं आठवड्याभरात सुएझ कालवाच ताब्यात घेतला, मग रशियन इंजिनिअर आले, १९६० ला काम सुरू, १९७० ला पूर्ण. बारा टर्बाइनं, २१०० मेगावॅट. गाईड सांगत होता की आजी कंदील लावायची, वडील बल्ब लावायला लागले. ऐंशीच्या दशकात पाऊस गेला, इथिओपियात माणसं उपाशी मेली, इजिप्तमधे नळाला पाणी होतं, ते याच सरोवराच्या जिवावर. दुसरी बाजू पण त्यानंच सांगितली बरं का, नाईलचा गाळ आता धरणामागेच अडकतो, शेताला खत विकत आणावं लागतं आणि तिकडे उत्तरेला समुद्र किनारा खात चाललाय. इथिओपियानं आता वरच्या अंगाला स्वतःचं मोठं धरण बांधलंय त्याबद्दल विचारलं तर "यल्ला, बोट थांबलीय."

बोटीतून फिली. आता काकांसाठी खास. काका, हे देऊळ इजिप्तनं काही मुळात नीट जपलेलं नव्हतं. ब्रिटिशांनी १९०२ ला तिथे जुनं धरण बांधलं, मग दोनदा उंची वाढवली, आणि त्यामुळे इसिस देवीचं हे देऊळ वर्षातले बरेच महिने पाण्यात उभं असायचं, गोरे टूरिस्ट खांबांच्या मधून होड्या फिरवायचे. सत्तर वर्षं हे असं चाललं, खांबांवर पाण्याची रेघ अजून दिसते. आपल्या पळसदेवसारखंच, उजनी मायनसमध्ये गेली की वर, भरली की खाली. नवीन धरणानंतर दोन धरणांच्या मधे कायमचं अडकणार म्हटल्यावर बेटाभोवती बांध घालून पाणी उपसलं, चिखल काढला, एकेका दगडाला नंबर टाकला, जवळजवळ चाळीस हजार तुकडे, आणि शेजारच्या अगिलकिया बेटाचा खडक फोडून त्याला जुन्या बेटासारखा आकार देऊन तिथे परत रचलं. १९८० ला उघडलं. हे सगळं युनेस्कोच्या हाकेवर जगभरातून आलेल्या पैशांवर आणि माणसांवर. अबू सिंबेलच्या डोंगरात कोरलेल्या मूर्ती तर करवतीनं कापून ६५ मीटर वर चढवल्या. मदत करणाऱ्या देशांना इजिप्तनं काही छोटी देवळं भेट दिली, त्यातलंच ताफेचं देऊळ आमच्या लायडनच्या म्युझियमच्या हॉलमधे उभं आहे, माझ्या घरापासून सायकलवर दहा मिनिटं. इतकी वर्षं बघतेय, पण ते बुडालेल्या गावातून आलंय हे माझ्या टाळक्यात आस्वानला शिरलं.

आणि "आपल्याकडे काही करतच नाहीत" हे पण चूक. हाय डॅमच्या सरोवराखाली जो नाईलकाठचा भाग गेला त्या नुबियातल्या उत्खननात आपल्या पुरातत्त्व खात्याची तुकडी साठच्या दशकाच्या सुरुवातीला जाऊन खणून आली होती. त्याच्या आधी नागार्जुनसागर भरायच्या अगोदर नागार्जुनकोंड्याला सहा वर्षं उत्खनन करून बरंचसं टेकडीवर नेऊन ठेवलं, आज ती टेकडी बेट झालीय. येतं आपल्यालाही.

मला खरा चटका बसला तो बोटवाल्याशी बोलताना. नुबियन, साठीच्या पुढचा, मोडकं इंग्लिश. फिलीवरून परत येताना दक्षिणेकडे हात करून म्हणाला, माय व्हिलेज, अंडर. एवढंच, तीन शब्द. १९६३-६४ ला इजिप्तमधले पन्नासेक हजार नुबियन उठवले आणि कोम ओम्बोकडे नेऊन ठेवले, नदीपासून लांब, एकसारख्या घरांच्या सरळ रांगांत. कितीतरी जणांची घरं बांधून व्हायचीच होती. तेवढेच पलीकडे सुदानमधे उठले. २०१४ च्या राज्यघटनेत त्यांना दहा वर्षांत मूळ भागात परत वसवू असं लिहिलंय. दहा वर्षं होऊन गेली, बोटवाला तिथेच आहे. देवळाच्या चाळीस हजार दगडांपैकी कुठला कुठे बसला याची नोंद आहे, आणि माणसांचं मोजमाप "पन्नासेक हजार".

आता इथे मला गप्प बसायला पाहिजे खरं तर, कारण आमच्या घरात दोन्ही बाजू आहेत. आईचं माहेर उजनीत गेलं. वडिलांच्या गावाला कॅनॉल आला, ज्वारीचा ऊस झाला, आणि त्या उसाच्या बिलावर माझी पुण्यातल्या हॉस्टेलची फी भरली गेली. त्यामुळे धरण नको होतं असं माझ्या तोंडून कोणी ऐकणार नाही, शोभायचं पण नाही. पण ग्रुपवर भांडण कायम देऊळ विरुद्ध धरण असं होतं, आणि दोन्ही बाजूंना भांडणारे सगळे वडिलांकडचे, ज्यांना पाणी मिळालं ते. ज्यांचं गेलं ते आईकडचे लोक कधी काही टाइप करत नाहीत. १९२१ ला मुळशीत सेनापती बापट उभे राहिले, १९७६ ला आपल्या राज्यानं पुनर्वसनाचा कायदा केला, इतर राज्यांच्या कितीतरी आधी, आणि तरी कोयनेचे धरणग्रस्त अजून कलेक्टर ऑफिससमोर बसतात. शक्तिपीठच्या शेतकऱ्याला विकासविरोधी म्हणायच्या आधी निदान एवढं तरी आठवावं.

इथे हॉलंडमधे सगळं छान असतं असं अजिबात नाही, पण एक बघितलंय. नदीला पसरायला जागा द्यायची म्हणून ब्राबांटमधल्या एका पोल्डरमधली, म्हणजे बांध घालून पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीतली शेतं सरकारला पुरासाठी हवी होती. शेतकऱ्यांनीच उलटा प्लॅन दिला की आम्हाला उंच टेकाडं करून द्या, आम्ही तिथे गोठे बांधतो. सगळे नाही राहिले, निम्म्याच्या वर निघून गेले, आठ टेकाडं झाली. पण नकाशावर पेन्सिल शेतकऱ्यांनी पण धरली होती. आठ गोठे आणि हजारो कुटुंबं यात फरक आहे, मान्य, कोणी लिहायच्या आधी मीच लिहिते.

संध्याकाळी जेवायला नदीकाठी बसलो. वेटर म्हणाला बोल्टी घ्या, नाईलचा मासा. ताटात आला तो बघते तर ही आपली चिलापी! भिगवणला हायवेवर तळून मिळते तीच, तिलापियाच्या कुळातली, मूळची आफ्रिकेची, उजनीत येऊन गावचे मासे हुसकावून बसलेली. फोटो ग्रुपवर टाकला. काका आणि भाऊ दोघांनी एकाच वेळी हसण्याची इमोजी टाकली, एवढ्यावर तरी एकमत.

रात्री मामीचा व्हॉइस मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला. मामी कधी बोलत नाही. म्हणाली, "दगडाला नंबर टाकल्याचं वाचलं गं. तुझ्या आजोबांनी पण वाड्याची चौकट सोडवली होती, लाकडांवर कोळशानं एक दोन तीन लिहून, बैलगाडीत घालून आणली. इकडच्या घराला मोठी भिंतच नव्हती तेवढी, मग मागं मोरीला लावली." मी म्हटलं फोटो पाठव. दुसऱ्या दिवशी आला. सागवानी चौकट, वर गणपती कोरलेला, खाली निरम्याचा डबा आणि बादली.