आगळ आणि गळती

ठाणेकराला गळती नवी नाही. जून ते सप्टेंबर तो छताकडे बघत काढतो, ओल आली तिथे बादली लावतो आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये वॉटरप्रूफिंगच्या कोटेशनवरून भांडतो. पण हाच माणूस सहकुटुंब मालवणला स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यातले मासे बघायला, निघाला की गळती हा विषय घरी ठेवून जातो. माझं निरीक्षण असं, की त्या दिवशी जे जे बिघडतं ते सगळं गळतीच्या खात्यात जमा होतं. सकाळी मास्क गळतो, मग मोबाइलचं पाऊच गळतं, आणि संध्याकाळी बाजारातून घेतलेली आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली रात्री कोकणकन्येत बर्थखाली गळते.

तयारी ठाण्यातच, न्हाणीघरात करावी. वीस लिटरची बादली भरा, मास्क आणि नळी लावा, तोंड बुडवा आणि पाच मिनिटं फक्त तोंडाने श्वास घ्या. वाटतं तितकं सोपं नाही. मास्कमध्ये नाकही झाकलेलं असतं, आणि नाक हा अवयव चाळीस वर्षं कुणाला न विचारता काम करत आलेला असतो. त्याने सवयीने हवा सोडली की काच धुरकटते आणि मास्कची कड सुटते. तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी दार वाजवून "आत चाललंय काय?" असं विचारतं. नळीतून उत्तर देता येत नाही. त्याच बादलीत मोबाइलचं पाऊचही तपासून घ्या, पण मोबाइल न घालता: आत टिश्यू पेपर ठेवून अर्धा तास बुडवायचं. कागद ओला झाला तर पंचवीस हजार वाचले.

मग तारीख. आपल्याकडे सहलीच्या आधी कॅलेंडर बघतात ते संकष्टी येते का एवढंच बघायला, म्हणजे सुरमईचं काय ते ठरतं. खरं तर तिथी समुद्रासाठी बघावी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात येतं-जातं आणि तळाची वाळू ढवळून निघते. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती. पाणी कमी हलतं, म्हणून स्वच्छ राहतं. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. हा हिशोब मुंबई-ठाण्याकडचा, मालवणात भरती थोडी आधी येते. आणि उतरायचं ते सकाळीच, दुपारनंतर वारा सुटतो. पण सकाळीच म्हणजे सहा घावणे खाऊन लगेच नव्हे. बोट लागण्याची गोळीही निदान अर्धा तास आधी घ्यायची असते. पोटात ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी थेट माशांना मिळते.

बोट सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांपाशी थांबते आणि मास्कवाटप सुरू होतं. मास्क बरोबर बसतो का, हे पट्टा न लावता तपासतात. तो चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकासा श्वास ओढा आणि हात सोडा. तिथेच चिकटून राहिला तर तुमचा, पडला तर दुसरा मागा. हे कुणीच करत नाही. सगळे पट्टा ओढतात. पाणी आलं की अजून ओढतात. जास्त ताणलेल्या पट्ट्याने सिलिकॉनची कड मुडपते आणि तिथूनच पाणी येतं, म्हणून पुन्हा ताण. शेवटी काकांचे डोळे बाहेर येतात आणि समुद्र आत. पट्टा कानांच्या वर, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर, जेमतेम घट्ट असला की पुरतो. कडेखाली आलेली केसांची बट काढायची. मिशी असेल तर नाकाखालची तेवढी बारीक कातरायची. (यावर काका बोट परत फिरवायला सांगतात.) कपाळावर सनस्क्रीन लावायचं नाही, ते ओघळून डोळ्यात जातं. पालथं तरंगताना ऊन लागतं ते मानेला आणि पोटऱ्यांना. क्रीम तिथे हवं.

काच धुरकटू नये म्हणून आतून थुंकी चोळून पाण्यात विसळतात. जगभर हेच करतात. पण आजींना हे पटत नाही. सकाळपासून दहा जणांनी लावलेल्या मास्कमध्ये अकराव्याने थुंकायचं, म्हणजे उष्ट्याला परिसीमा नाही. त्यांच्यासाठी पर्समध्ये बेबी शाम्पूची लहान बाटली ठेवा. एक थेंब पुरतो.

पाण्यात उतरल्यावर गाइड ओरडतो, "काकानू, नाकान नको, तोंडान श्वास घेवा!" काका "हो हो" म्हणायला तोंड उघडतात आणि अरबी समुद्र नळीत शिरतो. नळीत पाणी आलं तर जोरात फुंकून बाहेर काढायचं. मास्कमध्ये आलं तर मान वर करून, काचेची वरची कड कपाळाशी दाबून, नाकाने हवा सोडायची. नाकाला तेवढीच एक परवानगी. लाइफ जॅकेटचा खालचा पट्टा लावला नसेल तर जॅकेट कानापर्यंत येतं आणि आतला माणूस कासवासारखा दिसतो. खडकावर पाय टेकायचे नाहीत, तिथे धारदार कालवं असतात.

सगळ्यात मोठा घोटाळा अंगठ्याचा. पाण्याखालच्या खुणांत अंगठा वर म्हणजे "मला वर घ्या". ठीक आहे सांगायचं तर अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा. मासे बघून खूश झालेला ठाणेकर कॅमेऱ्याकडे अंगठा दाखवतो, आणि गाइड नियमाने वागणारा असेल तर त्याला खेचून वर आणतो. असं तीनदा होतं.

माश्यांबद्दल थोडक्यात सांगायचं तर पट्टेवाले भरपूर दिसतात. पाण्यात वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते, तेव्हा वीतभर मासा हातभर सांगताना निदान तेवढा भाग कुणी खोटा समजू नये.

संध्याकाळी बाजार. नळी काढल्यामुळे आता सगळ्यांना बोलता येतं, आणि सकाळपासून साठलेलं सगळं दुकानदारावर निघतं. खरं तर यातलं बहुतेक ठाण्यातच जांभळी नाक्याच्या बाजारात मिळतं, पण "तिथून आणलेलं" या चवीला पर्याय नाही. आगळ आणि कोकम सरबत यांत गोंधळ करू नका. आगळ म्हणजे पिकलेल्या रातांब्यांचा (कोकमाच्या फळांचा) मीठ घातलेला रस, सोलकढीसाठी. सरबताच्या पाकात साखर असते. आगळाच्या सोलकढीत सवयीने पुन्हा मीठ घातलं की जेवण संपेपर्यंत घरात शांतता. काजूच्या पाकिटावर २४० किंवा ३२० लिहिलेलं असतं ते एका पौंडात साधारण किती गर बसतात ते. म्हणजे आकडा लहान तेवढा काजू मोठा. "मोठा नंबर द्या हो" म्हणणाऱ्या वन्सं स्वतःच्या पैशाने बारीक काजू आणतात. खाजा कुरकुरीत असताना लगेच हवाबंद डब्यात घालायचा. बोंबील वाकवून बघायचे. तुटले तर सुके, नुसते वाकले तर तुम्ही ओलाव्याचे पैसे देताय.

बांधाबांध अशी. आगळाच्या बाटलीचं बूच उघडून तोंडावर प्लास्टिकचा दुहेरी तुकडा, वर बूच, वर चिकटपट्टी, आणि बाटली स्टीलच्या डब्यात उभी. तरीही ती सांडली तर डागाला लगेच साबण लावू नका. कोकमाचा लाल रंग साबणाने निळसर होतो आणि मग घरात शाईची चौकशी सुरू होते. आधी नुसत्या गार पाण्याने धुवा. सोडे-बोंबील आधी वर्तमानपत्रात, मग दोन पिशव्यांत, मग घट्ट झाकणाच्या डब्यात.

एवढं सगळं नीट केलं की बाटली गळत नाही, डबाही गळत नाही. पहाटे ठाण्याला उतरून रिक्षात बसलं की रिक्षावाला मीटर टाकतो, नाकाने एकदा श्वास घेतो, आणि मागे न वळता विचारतो, "मालवण काय?"