‘ओमान सुरक्षित नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या ओमान सहलीला दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की ओमान सुरक्षित नाही आणि तिथे पाहुण्यांना मोकळेपणा मिळत नाही. वादी शाबपर्यंत (वादी म्हणजे डोंगरातली नदीची दरी) जाऊनही ड्रायव्हरने आत सोडलं नाही, मस्कतच्या मोठ्या मशिदीच्या दारात मुलीला अडवलं, निझव्याच्या बाजारात माणसं कमरेला खंजीर लावून फिरत होती, या तुमच्या तक्रारी.

वादीच्या बाबतीत आम्ही ठामपणे ड्रायव्हरच्या बाजूने आहोत. आकाश निरभ्र होतं, खरं आहे. पण पाऊस वर ‘हजर’ नावाच्या पर्वतात पडतो आणि खाली लख्ख ऊन असताना लोंढा येतो. वादी शाबमध्ये होडीने पलीकडे गेलं की पाऊण तास उंच कड्यांच्या मधून चालायचं असतं. तिथे पाणी आलं तर वर चढायला वाट मिळेलच असं नाही. एप्रिल २०२४ च्या पुरात ओमानमध्ये शाळकरी मुलं वाहून गेली. तुम्ही गेलात त्या सकाळीही डोंगरात पावसाचा इशारा होता. असा इशारा असेल तर पुढच्या ग्रुपलाही ड्रायव्हर नाहीच म्हणेल, आणि त्याने म्हणावंच.

मस्कतची ती मोठी मशीद, म्हणजे सुलतान काबूस मशीद, इतर धर्मीयांना शनिवार ते गुरुवार सकाळी ८ ते ११ पाहता येते. हात-पाय झाकलेले आणि बायकांचं डोकंही, हा नियम सगळ्यांना सारखा आहे. निघण्याआधी दिलेल्या सूचनांमध्ये तो होता. अबाया (अंगभर झगा) भाड्याने कुठे मिळतो हे तिथल्या बाईंनीच दाखवलं, असं तुम्हीही लिहिलंय. खंजीर तर ओमानच्या राजचिन्हावर आहे. सणासमारंभाला पुरुष तो मानाने लावतात.

जुलै २०२४ मध्ये मस्कतच्या वादी अल कबीर भागात मशिदीजवळ गोळीबार झाला, त्यात एक भारतीयही मारला गेला. विचारणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हे सांगतो. तरीही एकट्या प्रवास करणाऱ्या बायकांना आखातातला पहिला देश म्हणून आम्ही ओमानच सुचवतो. मस्कतमधल्या मत्राहच्या सूकमध्ये (बाजारात) रात्री निर्धास्त फिरता येतं. जुन्या मस्कतमध्ये सुलतानाच्या राजवाड्याजवळ शंकराचं देऊळ आहे, तिथे रोज पूजा होते. आणि निझव्यातला तो खजूरवाला आठवतोय ना? तुम्ही काही घेतलं नव्हतं, तरी त्याने सगळ्यांना बसवून कहवा (अरबी कॉफी) दिला, कप हलवून ‘पुरे’ म्हणेपर्यंत ओतत राहिला. मोकळेपणा नाही असं लिहिताना त्याचाही विचार व्हायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

होडीचे पैसे तुमच्या खात्यावर परत केले आहेत. आणखी काही बोलायचं असेल तर ऑफिसला फोन करा, मी स्वतः बोलेन.