बोटीला ब्रेक नसतो

नेदरलँडमध्ये साधी स्कूटर चालवायची तरी लायसन लागतं, पण बोट 15 मीटरपेक्षा लहान असेल आणि ताशी 20 किलोमीटरच्या वर पळत नसेल तर कुणी काही विचारत नाही, पैसे भरा आणि न्या. मेहुण्याला हे कळलं तिथेच घोळ झाला. आई-बाबा भारतातून आले होते, म्हणून आम्ही अ‍ॅमस्टेलवेनकर सहकुटुंब उत्तरेकडच्या फ्रीसलँड प्रांतात, स्नेक गावाला गेलो. बोटवाल्याने दोर दाखवले, फेंडर (बोट काठावर आपटू नये म्हणून बाजूला लटकवायचे फुगे) दाखवले, चावी हातात ठेवली (पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून तिला हा एवढा कॉर्कचा गोळा) आणि टाटा केला.

चालवणं सोपं आहे हो. कालव्यातून 9 च्या स्पीडने जायचं, गावात 6, काठावरून सायकलवाल्या आज्या ओव्हरटेक करतात. पाणी वर आणि शेतं खाली, त्यामुळे गायी चक्क वरून दिसतात. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर, त्यांना हे काही केल्या पटेना, "आणि बांध फुटला तर?" हे दर गायीला.

खरा त्रास थांबण्याचा. आणि इथे जरा पुढे गेलं की पूल. लाल दिवा म्हणजे थांबा, लाल-हिरवा एकदम म्हणजे उघडतोय, तयार राहा, आणि दोन लाल म्हणजे पूल बंदच आहे, डबे काढा. आम्हाला एक लाल, कारण वाजले होते बारा आणि पूलवाला गेला होता जेवायला. आता गाडी असती तर हँडब्रेक ओढून आपणही जेवलो असतो, पण इथे ब्रेक म्हणजे रिव्हर्स, आणि रिव्हर्स टाकला की बोटीचं बूड एका बाजूला सरकतं, सुकाणू तेव्हा ऐकत नाही, त्यात आडवा वारा, मग पुढचं तोंड वळवायला बो-थ्रस्टर (बोटीच्या पुढच्या टोकातला छोटा पंखा) दाबायचा, तो घर्रर्र करून जरा जास्तच वळवतो. बाकीच्या बोटी काठाला बांधून लोक निवांत कॉफी पितायत आणि आम्ही सुटलेल्या म्हशीसारखे मधोमध आडवे. मेहुणा फेंडर घेऊन या टोकाहून त्या टोकाला पळतोय, "भावोजी, डावीकडे! भावोजी, अहो दुसरं डावीकडे!"

शेवटी उघडला. तर वर पूलवाला मासे पकडायच्या काठीला लाकडी बूट लटकवून उभा, टोल त्यात टाकायचा. काही गावांत अजून आहे ही पद्धत. बूट झुलतोय, बोट पुढे चाललीय, आमच्याकडे सगळी कार्डं, सुट्टं कुणाकडेच नाही. बाबांनी बनियनच्या खिशातून नाणी काढून बरोब्बर बुटात टाकली आणि म्हणाले, "फास्टॅग नाही का यांच्याकडे?"

पुढे मोठ्या कालव्यात मालवाहू बार्ज लागल्या. त्यांना वाट आपणच द्यायची असा नियमच आहे, नसता तरी आम्ही दिली असती.

संध्याकाळी माळरानात मारेक्रीटेचा (ही फ्रीसलँडमधले धक्के सांभाळणारी संस्था) एक धक्का मिळाला. हे धक्के फुकट असतात, आणि 3 दिवस राहता येतं. बाबांनी दोराची गाठ स्वतः मारली, वर आणखी एक मारली. मेहुणा नकाशा उघडून उद्या किती पूल लागतात ते मोजायला बसला, तर बायकोने नकाशा काढून घेतला आणि हातात कांदे दिले.

तिन्ही दिवस तिथेच काढले.