लिडस्ट्रॉमवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

आइस हॉकीतला डेट्रॉइटचा डिफेन्समन (बचावपटू) निकलास लिडस्ट्रॉम याच्या कारकिर्दीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "तुमचा लिडस्ट्रॉम अंगावर जायला घाबरायचा. डिफेन्समन म्हणजे स्कॉट स्टीव्हन्स. बाकी लेख आकड्यांची जंत्री आहे. बर्फावर पाय न ठेवलेल्यांनी आइस हॉकीवर लिहिणं थांबवावं."

मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. जुना दिग्गज डिफेन्समन बॉबी ऑर मोठा की लिडस्ट्रॉम, यावर त्याच लेखाखाली लोक माझ्याशी भांडले आणि मी प्रत्येकाला उत्तर दिलं. पण "थांबवावं" हा हुकूम तुम्ही कुठल्या अधिकाराने सोडता? ओळख ना पाळख, आणि एकदम दम देऊन मोकळे! डेट्रॉइटच्या उपनगरात मी उमेदीची वर्षं काढली आहेत. कामावरून सुटून डेट्रॉइट संघाच्या जो लुईस अरेना या स्टेडियमच्या वरच्या रांगांत बसायचो आणि पक (बर्फावरची रबरी चकती) कुठेही असला तरी लिडस्ट्रॉमच्या पाच नंबरच्या जर्सीकडे बघत राहायचो. त्याच्या आधी खडकीच्या मातीच्या मैदानांवर फुलबॅक खेळलो. ती हॉकी वेगळी, मान्य. पण फॉरवर्ड सुसाट अंगावर येत असताना पुढे झेपावण्यापेक्षा मागे सरत थांबायला जास्त धीर लागतो, हे मी स्वतः खेळून शिकलोय. त्यामुळे "घाबरायचा" हे वाचून राग आला, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

आता मुद्दा. धडक मारायला गेलेला डिफेन्समन चुकला की खेळाबाहेर जातो, आणि मागे गोलरक्षकासमोर एकाला दोन उरतात. लिडस्ट्रॉम ती संधीच द्यायचा नाही. उलटं स्केटिंग करत समोरच्यापासून नेमकं अंतर राखायचा, स्टिक पासच्या वाटेत ठेवायचा आणि त्याला हळूहळू कडेच्या बोर्डकडे ढकलत न्यायचा. समोरच्याला कळायच्या आत पक गेलेला असायचा. १५६४ सामन्यांत त्याची पेनल्टी, म्हणजे नियम मोडल्याबद्दल बाहेर बसायची शिक्षा, अवघी ५१४ मिनिटं; म्हणजे दोन मिनिटांची शिक्षा सरासरी सहा सामन्यांत एकदा. जोरदार धडकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या स्टीव्हन्सची १६३५ सामन्यांत २७८५ मिनिटं. ती सगळी वाया गेली असं मी म्हणत नाही, पण पेनल्टी बॉक्समध्ये बसलेला डिफेन्समन कुणाला अडवत नाही, एवढं तरी तुम्हाला पटावं.

तुम्ही स्टीव्हन्सचं नाव काढलंत, तर एरिक लिंड्रोसचंही काढू. १९९७ ची स्टॅन्ले कपची फायनल, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगच्या विजेतेपदाची मालिका, डेट्रॉइट विरुद्ध फिलाडेल्फिया. फिलाडेल्फियाचा शंभर किलोंच्या वरचा फॉरवर्ड लिंड्रोस, शेजारी लेक्लेअर आणि रेनबर्ग. 'लीजन ऑफ डूम' म्हणून ती फळी ओळखली जायची. तिच्यासमोर डेट्रॉइटच्या व्लादिमिर कॉन्स्टँटिनोव्हसारखा आडदांड गडी उभा राहणार, अशी सगळ्यांची अटकळ होती. डेट्रॉइटचे प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांनी उभे केले लिडस्ट्रॉम आणि लॅरी मर्फी, दोघेही धडकेसाठी न ओळखले जाणारे. डेट्रॉइटने मालिका ४-० ने जिंकली. लिंड्रोसचा अख्ख्या मालिकेत एक गोल, तोही चौथ्या सामन्याची शेवटची काही सेकंदं उरली असताना.

तीन वर्षांनी, मे २००० मध्ये, त्याच लिंड्रोसला स्टीव्हन्सने निळ्या रेषेपाशी खांद्याने उडवलं. तेव्हाच्या नियमांत ते बसत होतं, पेनल्टी झाली नाही. पण लिंड्रोस पुढचा अख्खा मोसम खेळू शकला नाही आणि लीगमध्ये फिलाडेल्फियाकडून पुन्हा कधी खेळला नाही. न दिसणाऱ्या बाजूने डोक्यावर मारलेल्या धडकांविरुद्ध लीगने नियम केला तो २०१० मध्ये. एकाच माणसाला दोघांनी थांबवलं. लिडस्ट्रॉमने थांबवलं तेव्हा तो पुढच्या मोसमात पुन्हा खेळायला आला. यातल्या कुणाला श्रेष्ठ म्हणायचं याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

आणि घाबरण्याचंच म्हणाल, तर २००९ च्या प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) शिकागोविरुद्ध लिडस्ट्रॉमला समोरच्याची स्टिक अशा नाजूक जागी लागली की शस्त्रक्रिया करावी लागली. दोन सामने हुकले, मग हा माणूस पिट्सबर्गविरुद्धच्या फायनलला उतरला. सातव्या सामन्यात शेवटच्या सेकंदाला बरोबरीचा फटकाही त्यानेच मारला होता, पिट्सबर्गचा गोलरक्षक फ्लूरीने अंग झोकून अडवला म्हणून सामना २-१ ने गेला. तेव्हा तो ३९ वर्षांचा होता. दुखापतीचं त्याने भांडवल केलं नाही. अशा माणसाला घाबरट म्हणताना तुमची बोटं जरा अडखळायला हवी होती.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने देतो: १९९५ च्या फायनलमध्ये स्टीव्हन्सच्या न्यू जर्सीने लिडस्ट्रॉमच्या डेट्रॉइटला ४-० ने धुतलं होतं. ते तुम्ही लिहिलं असतंत तर चर्चा करायला मजा आली असती.

राहिली जंत्री. सात नॉरिस ट्रॉफ्या (मोसमातल्या सर्वोत्तम डिफेन्समनसाठी), चार स्टॅन्ले कप आणि २००२ चा कॉन स्माइथ (प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूसाठी), जो त्याआधी एकाही युरोपियन खेळाडूला मिळाला नव्हता. वीस मोसम एकाच संघाकडून खेळलेल्या माणसाच्या लेखात हे यायचंच, आणि पुढच्या लेखातही येईल. आकडे नको असतील तर ते परिच्छेद सोडून वाचा.

प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहायचं असेल तर आधी १९९७ चे चारही सामने नीट बघा.