पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन

गेल्या आठवड्यात गिरगावातल्या काकांचा फोन आला. "अगं, तू यातच काम करतेस ना? मग आम्हाला कधी बोलली नाहीस ते!" त्यांच्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर आला होता. एव्हाना तो बहुतेकांकडे पोचला असेल. मुंबईतल्या एका केमिकल इंजिनियरने म्हणे असा उत्प्रेरक (स्वतः न संपता रासायनिक क्रिया सोपी करणारा पदार्थ) शोधलाय की गाडीच्या बॅटरीवरच पाण्याचा हायड्रोजन होतो. एक लिटर पाण्यात गाडी शंभर किलोमीटर जाते, समुद्राचं पाणीही चालतं, प्रदूषण शून्य, आणि तेल कंपन्यांनी हा शोध दाबून ठेवलाय. काका तसलं किट गाडीला बसवायला निघाले होते.

मी केमिकल इंजिनियर आहे, मुंबईतच पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या उत्प्रेरकांवर काम करते. काकांना फोनवर जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते.

"उत्प्रेरकामुळे पाण्याचं इंधन होतं." सगळा घोळ इथूनच सुरू होतो. हायड्रोजन जळला की पाणी होतं आणि ऊर्जा बाहेर पडते. म्हणजे पाणी ही हायड्रोजनची राख आहे. राखेचं पुन्हा लाकूड करायचं तर जेवढी ऊर्जा बाहेर पडली, निदान तेवढी परत घालावी लागते. मग उत्प्रेरक काय करतो? कर्जतहून लोणावळ्याला जाणारी रेल्वे आठवा. बोगद्यांमुळे डोंगराच्या माथ्यावर चढून पुन्हा उतरायचा खटाटोप वाचतो. पण कर्जत आणि लोणावळा यांच्या उंचीतला फरक कुठल्याच बोगद्याने मिटत नाही. तेवढा घाट चढावाच लागतो, म्हणून तर कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. उत्प्रेरक हा बोगदा आणि वीज हे बँकर. पाणी फोडताना, म्हणजे त्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करताना, नेहमीच्या तापमानाला उंचीतला हा फरक १.२३ व्होल्ट एवढा असतो. याच्या खाली कुणीही, कुठल्याही धातूने उतरू शकत नाही.

"एक लिटर पाण्यात शंभर किलोमीटर." एक लिटर पाण्यात हायड्रोजन असतो १११ ग्रॅम. त्यातली ऊर्जा सुमारे ३.७ युनिट (विजेच्या बिलातलं युनिट, म्हणजे १,००० वॉट-तास), तर एक लिटर पेट्रोलमधली जवळपास ९ युनिट. टोयोटाची मिराई ही हायड्रोजनवर चालणारी गाडी साधारण ५.६ किलो हायड्रोजनमध्ये ६५० किलोमीटर जाते. त्या हिशेबाने १११ ग्रॅमवर ती १२-१३ किलोमीटर जाईल. आणि तेवढा हायड्रोजन काढायला आजच्या चांगल्या यंत्राला सुमारे ६ युनिट वीज लागते. तीच ६ युनिट साध्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीत भरली तर ती ३५-४० किलोमीटर जाते. मार्च २०२२ मध्ये नितीन गडकरी मिराईतून संसदेत गेले, तेव्हापासून त्या गाडीचे फोटो "पाण्यावर चालणारी गाडी" म्हणून फिरतात. त्या गाडीच्या टाकीत हायड्रोजन भरलेला असतो. पाणी बाहेर पडतं ते शेवटी.

"गाडीची बॅटरीच पुरते." काकांसाठी हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा होता, म्हणून हिशेब पूर्ण मांडते. १२ व्होल्टच्या बॅटरीवर पाणी फोडणारे सहा सेल एकापुढे एक जोडले आणि १० अँपिअर वीज तासभर सोडली, तर १२० वॉट-तास खर्च होतात. किती विजेला किती वायू सुटतो हे सांगणाऱ्या फॅरेडेच्या नियमाने हायड्रोजन मिळतो सव्वादोन ग्रॅम, त्यात ऊर्जा ७५ वॉट-तास. तो इंजिनात जाळला की चाकापर्यंत जेमतेम पाव भाग पोचतो, म्हणजे १९ च्या आसपास. आणि ते १२० आले कुठून? बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरमधून, त्याला फिरवतं इंजिन, इंजिनात जळतं पेट्रोल. म्हणजे किट पेट्रोल वाचवत नाही, जास्त जाळतं. शिवाय किटच्या नळीतून हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असला तरी पेट घेतो. इथे तर ऑक्सिजन आधीच मिसळलेला. बॉनेटखाली असला प्रकार ठेवू नका, काका.

"समुद्राचं पाणी चालतं." ते थेट घातलं की धनाग्रावर (विजेच्या धन टोकावर) ऑक्सिजनसोबत क्लोरिनही सुटायला लागतो, इलेक्ट्रोड गंजतात, कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर बसतो. यावर जगभर प्रामाणिक संशोधन चालू आहे, पण मरीन ड्राइव्हवरून बादली भरून गाडीत ओतण्याशी त्याचा संबंध नाही.

"प्रदूषण शून्य." गाडीच्या मागे शून्य, हे खरं. पण हायड्रोजन आला कुठून? चेंबूरच्या खतकारखान्यात आणि माहुलच्या रिफायनऱ्यांत तो वर्षानुवर्षं वापरला जातोय, आणि मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनतो. त्यात किलोमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्याऐवजी आपल्या ग्रिडच्या विजेने पाणी फोडलं तर? युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड आणि किलोभर हायड्रोजनला ५० हून जास्त युनिट, म्हणजे ३५ किलोच्या वर. वायूच्या तिपटीहून जास्त! वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असेल तरच हा हायड्रोजन स्वच्छ.

"शोध दाबला." पाणी विजेने फोडता येतं हे निकल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० मध्येच दाखवलं, यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. पाण्याच्या गाडीसाठी ज्यांचं नाव सतत घेतात त्या अमेरिकेतल्या स्टॅन्ली मायर यांना १९९६ मध्ये ओहायोच्या न्यायालयाने फसवणुकीबद्दल गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले. आपल्याकडे वनस्पती घालून पाण्याचं पेट्रोल करणारे रामर पिल्लै २०१६ मध्ये दोषी ठरले.

आता मुंबईतल्या केमिकल इंजिनियरबद्दल. मला खरा त्रास इथे होतो, कारण या मजकुराने आमचं काम जादू करून टाकलं, आणि खरं काम कुणाला दिसलंच नाही. सैद्धांतिक १.२३ व्होल्ट असले तरी प्रत्यक्षात यंत्राला १.८ ते २ लागतात. मधला बराचसा फरक ऑक्सिजनच्या बाजूला जातो. तिथे एका रेणूसाठी चार इलेक्ट्रॉन एकामागून एक निघावे लागतात, आणि प्रत्येक पायरीवर ऑक्सिजनने धातूला धरायचं, पण चिकटून बसायचं नाही. फार घट्ट धरलं तर जागा अडते, फार सैल धरलं तर काहीच होत नाही. आम्लधर्मी यंत्रात या बाजूला टिकणारा धातू म्हणजे इरिडियम, आणि त्याचं जगभरातलं उत्पादन वर्षाला सात-आठ टनांच्या घरात. म्हणून आमच्यासारखे अनेक जण अल्कलीच्या यंत्रात निकेल आणि लोखंडावर काम करतात.

त्यातून मिळतं काय? व्होल्टचा दहावा भाग. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण ०.१ व्होल्ट वाचला की किलोभर हायड्रोजनमागे २.७ युनिट वाचतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मिशनचं २०३० चं लक्ष्य वर्षाला ५० लाख टनांचं आहे. गुणाकार करा: वर्षाला १,३०० कोटी युनिटपेक्षा जास्त.

सध्या माझ्या टेबलावर निकेलच्या जाळीवर लोखंडाचा पातळ थर चढवलेला एक इलेक्ट्रोड सोमवारपासून चालू आहे. पहिल्या दिवशी व्होल्टचा आकडा छान, म्हणजे कमी होता, काल थोडा वर सरकला. थरातलं लोखंड विरघळून द्रावणात जातंय की बुडबुडे जाळीला चिकटून जागा अडवताहेत, हे या आठवड्यात बघायचंय.